अंगणातल्या दरजा: चुना, सिमेंट आणि राळ



गटाचं सभागृह झालं, पापड-मसाल्याची शेड झाली, की पुढचं काम असतं समोरच्या अंगणाला फरशी घालायचं. फरशी कोणती, हे लवकर ठरतं. शहाबादी घ्यायची की कोटा, त्याचे दर समोर असतात. अडतं ते पुढे. दोन फरश्यांच्या मधली जी फट असते, जिला गवंडी दरज म्हणतात, ती कशानं भरायची? गवंडी म्हणतो सिमेंट. दुकानदार एक डबा पुढे करतो आणि म्हणतो, हे नवीन आहे, रेझिनचं, कधी निघणार नाही. घरातली एखादी म्हातारी आजी म्हणते, आमच्या वेळी चुना होता, वाडा पडला तरी चुना सुटला नाही.

तिघांचंही काही ना काही खरं आहे. पण तिघांपैकी कुणाचं आपल्या अंगणाला लागू पडतं, हे कळायचं तर या तीन वस्तू कुठून आल्या, कशासाठी आल्या आणि त्यांनी काम करणाऱ्या हातांकडून काय मागितलं, ते बघावं लागतं. आजच्या भाषणात तोच इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात करू या जिथे दरजच नव्हती तिथून. आपलं मातीचं अंगण म्हणजे एकसंध जमीन. पावसाळा सरला की नवी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, चोपण्यानं चोपायची आणि वर शेणाचा सडा. दरवर्षी उखडायचं आणि दरवर्षी नवं व्हायचं. फुकट नव्हतंच ते, त्याची किंमत बायांच्या कमरेनं दिली. पण एक गोष्ट त्यात चांगली होती. दुरुस्तीसाठी कुणाची वाट बघावी लागत नव्हती.

दगडातही बिनचुन्याचं काम आपल्याकडे झालेलं आहे. ज्यांना आपण हेमाडपंती देवळं म्हणतो, ती बघा. हेमाडपंत हे तेराव्या शतकातल्या यादव राजांचे मंत्री, आणि त्यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते, जरी त्यातली कितीतरी देवळं त्यांच्या आधीची आहेत. सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ या जातीतलं. तिथे दगड इतके नेमके घडवले की एकावर एक बसून ते स्वतःच्या वजनानं आणि खाचांनी धरून राहिले. मध्ये चुना नाही. पण अशा कामाला पट्टीचे पाथरवट लागतात, वर्षानुवर्षं लागतात आणि राजाचा खजिना लागतो. साध्या घराला, विहिरीला, वाड्याला ते परवडणारं नव्हतं. दगड थोडा ओबडधोबड असला तरी चालेल, मधली फट भरून काढू, असा विचार आला की दरजेत घालायला काहीतरी हवंच. ते काहीतरी म्हणजे चुना.

चुना कसा होतो ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे. चुनखडी, नाहीतर नदीकाठचे चुनखडे, भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजायचे. त्यातून वायू निघून जातो आणि हलकी कळी उरते. या कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो खदखदतो, फुलतो, वाफा सोडतो. मग थंड होऊन लोण्यासारखा होतो. कोकणात आणि गोव्यात चुनखडीच्या जागी शिंपले भाजत. खाडीतून शिंपले वेचून आणणं हे बायकांचं काम होतं.

असा विझवलेला चुना वाळूत मिसळायचा, चुन्याच्या घाणीत टाकायचा आणि बैल फिरवायचे. गोल चरातून दगडी चाक फिरत राहायचं आणि चुना मळून निघायचा. त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घालत. कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरडा, कुठे मेथी. नुसता चुना हवेतून तोच गेलेला वायू परत घेत घेत हळूहळू दगड बनतो, आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात. सुरखी घातली की ओलसर जागीही तो धरतो. रोमन लोक यासाठी ज्वालामुखीची राख वापरत. आपल्याकडे राखेचं काम विटेनं केलं. ती वीट कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, चुना डोक्यावरून वाहणाऱ्या बाया होत्या. कोबा करायचा तर ओळीनं बसून तो तासन्‌तास चोपायच्याही बायाच. त्यांची नावं कुठल्याही शिलालेखात नाहीत.

चुना काय करू शकतो, ते बघायला लांब जायला नको. विजापूरचा गोल घुमट 1656 साली पुरा झाला. त्याचा घुमट बाहेरून सुमारे 44 मीटर रुंद आहे. तो वीट आणि चुन्यात उभा आहे, आत एकही खांब नाही. मालवणच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात सिंधुदुर्ग बांधला. लाटा रोज धडकतात, तरी त्याची तटबंदी अजून उभी आहे. पायाच्या दगडांना तिथे वितळलेलं शिसं ओतून पक्कं केलं असं सांगतात, आणि वरच्या बांधकामात चुना. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी घाट आणि विहिरी बांधल्या. त्या काळच्या अशा कामांत दगड चुन्यातच बसवत.

हे सगळं एवढं टिकलं ते चुना फार कडक होता म्हणून का? मुळीच नाही. चुना दगडापेक्षा मऊ असतो. म्हणूनच तो टिकला. उन्हात दगड फुगतो, थंडीत आक्रसतो, जमीन थोडी बसते. तेव्हा मधला चुना जरासा दबतो, बारीक तडा घेतो, आणि दगड वाचतो. त्या तड्यात पाणी गेलं तर थोडा चुना विरघळून पुन्हा तिथेच धरतो. शिवाय चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. खालून चढलेली ओल दरजेतून निघून जाते, दगडात कोंडून राहत नाही. झीज व्हायची ती दरजेची होते. दरज पुन्हा भरता येते, दगड पुन्हा आणता येत नाही. हे एक तत्त्व लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

चुन्याचा तोटा एकच, पण मोठा. त्याला वेळ लागतो. आणि सतत पाण्यात असलेल्या जागी नुसता चुना धरत नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन नावाच्या अभियंत्याला नेमका हाच प्रश्न पडला. समुद्रातल्या एडीस्टोन खडकावर त्याला दीपगृह बांधायचं होतं. 1756 ते 1759 या काळात ते काम चाललं. त्यानं वेगवेगळ्या गावांची चुनखडी भाजून पाहिली आणि त्याला कळलं, की ज्या चुनखडीत मुळातच चिकणमाती मिसळलेली असते, तिचा चुना पाण्याखालीही धरतो. पुढे 1824 मध्ये लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या पुडीचा हक्क नोंदवला. घट्ट झाल्यावर ती तिकडच्या पोर्टलंड बेटावरच्या दगडासारखी दिसायची, म्हणून तिला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. आज आपल्या पोत्यावर तेच नाव असतं. आजचं सिमेंट सुमारे 1450 अंशांवर भाजतात, म्हणून ते चुन्याहून कितीतरी कडक होतं आणि लवकर धरतं.

हिंदुस्थानात सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला तो 1914 मध्ये पोरबंदरला. 1936 मध्ये बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी झाली. या गोष्टीत आपल्या ओळखीचं एक गाव आहे, शहाबाद. कलबुर्गी जिल्ह्यातलं, पूर्वीच्या निजामाच्या राज्यातलं, मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरचं. तिथल्या चुनखडीचे सपाट थर निघतात, तीच आपली शहाबादी फरशी. आणि त्याच शहाबादला सिमेंटचा कारखानाही निघाला. म्हणजे बघा, चुनखडी कापली तर फरशी, भाजली तर चुना, मातीबरोबर जास्त भाजली तर सिमेंट. आपल्या अंगणात फरशी आणि दरज या दोघी मुळात बहिणीच आहेत.

सिमेंट आलं आणि घाणी थांबली. पूर्वी चुना धरायची वाट बघत काम रेंगाळायचं, आता आज भरलं की उद्या चालता येऊ लागलं. त्यात फायदा आहेच. बैल लागत नाहीत, भट्टी लागत नाही, वीट कुटावी लागत नाही. पण एक बदल आपल्या लक्षात राहिला पाहिजे. चुना गावात होत होता. सिमेंट पोत्यातून बाहेरून येऊ लागलं. माल कसा ओळखायचा, किती भिजवायचा, कधी वापरायचा हे ज्ञान गावातल्या बऱ्याच हातांत होतं, ते पोत्यावरच्या छापील अक्षरांत गेलं. आणि पोतं सरकारच्या परवान्यावर मिळायचं. 1970 आणि 1980 च्या दशकात घर बांधलेल्या माणसांना विचारा. दहा पोत्यांसाठी तहसीलला खेटे घालावे लागत. सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या वादात 1982 साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी सिमेंटवरचं नियंत्रण थोडं सैल झालं आणि 1989 मध्ये पुरतं उठलं.

मग सिमेंट मुबलक झालं आणि लोकांना वाटू लागलं की जितकं कडक तितकं चांगलं. जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरलं गेलं. काही वर्षांनी दिसलं की दरज शाबूत आहे आणि तिच्या शेजारचा दगड पापुद्रे सोडतो आहे. ओल दरजेतून निघेना, म्हणून ती दगडातून निघू लागली आणि जाता जाता क्षारांनी दगड फोडू लागली. म्हणून आज जुन्या वास्तूंची दुरुस्ती करताना जाणकार पुन्हा चुना मागतात.

इथे कुणी म्हणेल, अंगणातल्या फटीसाठी एवढा विचार कशाला? तर दगडांच्या मधल्या जागेचा विचार न केल्यानं काय होतं, हे आपल्या महाराष्ट्रानं एकदा पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथली घरं जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भिंत बाहेरून रुंद आणि भक्कम दिसायची. पण आतली आणि बाहेरची अशा तिच्या दोन पाठी असायच्या आणि मध्ये दगडगोट्यांची, मातीची भर. दोन्ही पाठींना आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. मातीच्या सांध्यांची पकडही दुबळी. हादरा बसला तशा दोन पाठी एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आलं.

त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीकरणाचा सरकारी कार्यक्रम निघाला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. भिंतीत आरपार दगड कुठे घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी शेजारणींना सांगितलं. तोवर बांधकामात बाईचं काम घमेलं उचलायचं, आणि मालात काय किती टाकायचं ते गवंडी ठरवणार, अशी वाटणी होती. त्या बायांनी गवंड्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आमच्या मते आपल्या बांधकामाच्या इतिहासातलं हे फार महत्त्वाचं पान आहे. अंगणाच्या दरजेनं कुणाचा जीव जाणार नाही. पण प्रश्न विचारायची सवय तिथूनच लागू शकते.

आता दुकानदाराच्या डब्याकडे वळू. रेझिन म्हणजे राळ. राळ आपल्याला परकी नाही. झाडाची राळ तेलात कढवून, कापसाबरोबर फळ्यांच्या फटीत ठोकून आपल्या किनाऱ्यावरचे सुतार होड्या बंद करत आले. पाणी आत येऊ नये आणि लाकूड हललं तरी फट उघडू नये, हे त्या राळेचं काम. डब्यातली राळ मात्र झाडाची नाही, कारखान्यातली आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां या रसायनतज्ज्ञानं 1930 च्या दशकात एपॉक्सी जातीची राळ शोधली. ती सीबा या कंपनीनं हाती घेतली आणि 1946 मध्ये ॲराल्डाइट नावानं लोकांसमोर आणली. आपल्या घरात फुटकी बरणी, तुटका कान जोडायला दोन नळ्यांतला पदार्थ सारखा-सारखा घेऊन कालवतात, तेच हे. एका नळीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं द्रव्य. दोन्ही भेटले की आपसांत गुंफून कडक होतात, आणि मग परत पातळ होत नाहीत.

कारखान्यातल्या राळेत बारीक वाळू घातली की दरजेत भरायचा माल होतो. त्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला दोन डब्यांचा, एपॉक्सीचा. तो फार कडक, पाणी न शोषणारा. दुसरा एकाच बंद डब्यातला, ओलसर वाळूसारखा दिसणारा. डबा उघडल्यावर हवा लागली की तो धरतो. तो फरशीवर ओतून झाडूनं दरजेत लोटायचा आणि दाबायचा. त्यातून पाणी थोडं झिरपतं आणि तो सिमेंटपेक्षा किंचित नरम राहतो.

या दुसऱ्या प्रकाराला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते ब्रिटनसारख्या देशांत. तिकडे घरामागे बसायला फरसबंद अंगण करतात, त्याला पॅटिओ म्हणतात. पाऊस सारखा, मजुरी महाग, आणि घरमालक स्वतःच सुट्टीच्या दिवशी काम करणारा. त्याला सिमेंट कालवणं, फरशीवरचे डाग पुसणं नको असतं. झाडून भरायचा माल त्याला सोयीचा. आणि त्या पॅटिओत फरशी कुठली असते? गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळदा आपल्या राजस्थानची, वालुकाश्माची. ते दगड खाणीतून काढणाऱ्या आणि तासणाऱ्या कामगारांच्या छातीत धूळ साचून सिलिकोसिस होतो, म्हणून राजस्थान सरकारला 2019 मध्ये खास धोरण आणावं लागलं. दुकानातली सुबक फरशी बघताना ती कुणाच्या श्वासातून आली, हेही आठवावं.

आता आपल्या निर्णयाकडे येऊ. एवढ्या इतिहासातून हाताला लागतं ते असं, की सगळ्यात मजबूत काय, हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते दुसरंच.

पहिला प्रश्न, फरशीखाली काय आहे? खाली वाळूचा किंवा कचेचा थर असेल तर फरशी थोडी हलणारच. काळ्या मातीत तर जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जागी वर कडक सिमेंटची किंवा एपॉक्सीची दरज भरली तर ती पहिल्या वर्षीच तडकते. तिथे दरजेत वाळू किंवा बारीक कच भरून ठेवावी, दरवर्षी पुन्हा भरावी. खाली काँक्रीट असेल आणि फरशी पूर्ण मालावर बसवली असेल, तर वर सिमेंटचा माल चालतो. खाली नरम तर वर नरम, खाली कडक तर वर कडक. खालचं काम कच्चं असताना वर महागडा डबा ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

दुसरा प्रश्न, पाणी कुठे जाणार? ढाळ दर 10 फुटांना साधारण 2 इंच हवा, आणि तो घरापासून लांब. ढाळ नसेल तर कुठलीच दरज टिकत नाही.

तिसरा प्रश्न, अंगणात काय सांडणार? पाणी, माती, धान्य असेल तर चुना किंवा सिमेंट पुरेसं आहे. पण दूध संकलन केंद्र असेल, लोणच्याचं काम असेल, तर गोष्ट वेगळी. आंबट दूध, व्हिनेगर, लिंबू यांनी चुना आणि सिमेंट दोन्ही खातात. तिथे दोन डब्यांच्या एपॉक्सीचा खर्च वसूल होतो. दुग्धालयांत ती वापरतात ती याचसाठी. मात्र शहाबादी आणि कोटा या दोन्ही चुनखडीच, त्याही आंबटानं खातात. नुसती दरज एपॉक्सीची आणि फरशी शहाबादी, असं करून उपयोग नाही. तिथे फरशीही आम्लाला टिकणारी हवी. आणि सिमेंटचे डाग काढायला फरशीवर ॲसिड ओतू देऊ नका. डाग जाईल, पण फरशीचा तकाकही जाईल.

चौथा प्रश्न, खर्च किती? दर किलोचा भाव ऐकून घाबरू नका आणि भुलूही नका, हिशोब करा. 20 फूट लांब आणि 20 फूट रुंद अंगण आहे, फरश्या 2 बाय 2 फुटांच्या. म्हणजे 100 फरश्या. मधल्या दरजा एका बाजूनं 9 आणि दुसऱ्या बाजूनं 9, प्रत्येक 20 फुटांची. एकूण 360 फूट. दरज एक सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल धरली, तर भरायला सुमारे 27 लिटर माल लागतो, म्हणजे दीड-दोन बादल्या. सिमेंटच्या मालाला यात सिमेंट लागतं पाव पोत्याच्या आसपास. रेझिनचा तयार माल लागेल 50 किलोच्या आसपास. दोन्हींचा भाव दुकानात विचारून बैठकीतच गुणाकार करा. दरज अगदी बारीक, उथळ असेल तर झाडून भरायचा डबा चालत नाही. त्याला साधारण 5 मिलिमीटर रुंदी आणि अडीच सेंटिमीटर खोली लागते. हे काम करण्याआधीच बघायचं.

पाचवा प्रश्न, पुढच्या वर्षी कोण दुरुस्त करणार? चुन्याची, वाळूची, सिमेंटची दरज गटातली कुणीही बाई खरवडून पुन्हा भरू शकते. सिमेंटसाठी एक भाग सिमेंट आणि तीन-चार भाग चाळलेली वाळू घ्यायची. पाणी बेताचं, माल दाबून भरायचा, आणि सात दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. तीन महिन्यांहून जुनं पोतं घेऊ नका. चुन्यासाठी एक भाग विझवलेला चुना आणि तीन भाग वाळू-सुरखी, पण पावसाळ्याच्या पुष्कळ आधी, कारण त्याला वेळ हवा. डबा मात्र आपल्या तालुक्याला पुन्हा मिळेल का, हे विचारून घ्या. उघडलेला अर्धा डबा ठेवता येत नाही. शिवाय दोन डब्यांच्या एपॉक्सीत माप चुकलं तर ती चिकटच राहते.

शेवटचा प्रश्न आमच्या मते पहिल्याइतकाच मोठा आहे. हात कुणाचे? कळीचा चुना विझवताना उडतो, डोळा जाऊ शकतो. ओल्या सिमेंटनं बोटांची सालं निघतात, हे घमेलं उचललेल्या बाईला सांगायला नको. एपॉक्सी तर दिसायला निरुपद्रवी, पण ती त्वचेला लागत राहिली तर खाज, पुरळ सुरू होतं, आणि एकदा अंगाला तिचं वावडं लागलं की पुढे थोड्याशा स्पर्शानंही त्रास होतो. तिन्हींना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली हवी. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. सुकी फरशी कापताना धूळ उडते, तिथे पाणी टाकूनच कापायला सांगा. हातमोज्यांचे पैसे अंदाजपत्रकातच लिहा, नाहीतर ते कधीच येत नाहीत.

तर मैत्रिणींनो, आमचं मत विचाराल तर असं. साध्या, चालण्या-बसण्याच्या अंगणाला खाली चांगला थर, नीट ढाळ आणि आपल्याला पुन्हा भरता येईल अशी दरज. बहुतेक गावांत आज ती सिमेंटची असेल, कुठे वाळूची. जुना वाडा, देवळाचा ओटा, बारवेच्या पायऱ्या यांना चुनाच. आणि दूध, लोणची, आंबट यांची जागा असेल तिथे एपॉक्सी. झाडून भरायचा डबा वाईट नाही, पण तो ज्या देशासाठी झाला तिथे मजुरी महाग आहे. आपल्याकडे शिकलेले हात आहेत, त्यांचा हिशोब वेगळा निघतो.

दरज ही झिजायचीच वस्तू आहे. फरशीच्या वाटची झीज ती अंगावर घेते. म्हणून ती कशानं भरली याच्याइतकंच, ती भरायला कुणाला येतं, हे महत्त्वाचं. गटात निदान दोघींनी तरी हे काम शिकून घ्यावं, आणि पुढच्या बैठकीत गवंड्याला बोलावून हे सहा प्रश्न विचारावेत. तो रागावला तर रागावू द्या. उत्तर दिलं तर ते वहीत लिहून ठेवा.